दुपारचा पहारा

कांद्याची पात माना टाकायला लागली की आमच्या गावात सप्ताहाचा मांडव उभा राहतो. दोन्ही गोष्टी दरसाल एकाच आठवड्यात येतात. दरसाल गावातली जाणती मंडळी ओट्यावर बसून ठरवतात, की पुढच्या साली सप्ताह जरा अलीकडं घ्यायचा, ऐन काढणीत नको. पुढचं साल येतं, तिथी तीच राहते आणि काढणीही तीच. अर्धं गाव हातात टाळ घेऊन उभं असतं आणि त्याच हातांच्या नखांत कांद्याची माती असते.

आज सकाळी देवळापुढं टेम्पो येऊन थांबला. बांबू उतरल्याचा, पत्रे आपटल्याचा आवाज आमच्या घरापर्यंत आला. मग कर्ण्यातून कुणीतरी घसा खाकरून पाहिला. मी तेव्हा आत्यांच्या केसांतून तेलाचा हात फिरवत होते. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आवाज आला तशी त्यांनी मान देवळाच्या दिशेला वळवली. हे दिवस मला सोसत नाहीत. हवेत कांद्याचा उग्र वास, दुपारी पिवळट पडणारं आभाळ, कडुलिंबाच्या मोहराचा तो कडवट गोड दरवळ. लोकांना चैत्र प्रसन्न वाटतो म्हणे. मला कोंडल्यासारखं होतं.

खरं तर मी इथली नव्हेच. माझं माहेर सोनई. पाटाचं पाणी, उसाचे फड, पहाटे ऐकू येणारा शुगर फॅक्टरीचा भोंगा, यात वाढलेली मी. लग्न होऊन मिरजगावच्या आतल्या बाजूच्या या गावात आले, तेव्हा पहिल्यांदा कळलं की आभाळाकडं इतकं टक लावून बघावं लागतं. माझ्या माहेराजवळ एक गाव आहे, देवाच्या भरवशावर तिथल्या घरांना दारंच नाहीत. लहानपणी तिथल्या पाहुण्यांकडं गेलो की आम्ही पोरं उंबऱ्यावरून आत-बाहेर नुसती पळत सुटायचो. मला सासर मिळालं ते चांगलं सागवानी दाराचं, कडी-कोयंड्याचं. दार दिवसभर उघडंच असतं म्हणा. बाहेर पडायची सोय नाही, एवढंच.

नवरा सुप्याला कंपनीत. तिथं भाड्याची खोली, सुट्टीला घरी. मुलगी तेव्हा शाळेसाठी मामाकडं, सोनईला. ठरलं असं होतं की थोड्या दिवसांत सगळ्यांनी सुप्यालाच राहायला जायचं. माझं बी.एड. झालेलं होतं, तिथं एखाद्या शाळेत लागायचं. त्या खोलीच्या खिडकीचे पडदेसुद्धा मी शिवून ठेवले होते, पिवळ्या फुलांचे. आणि एका सकाळी आत्या चुलीपुढं बसल्या जागी कलंडल्या. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. घरी कुणीतरी थांबायला हवं होतं. हे 'कुणीतरी' म्हणजे कोण, ते आपल्याकडं विचारावं लागत नाही. पडदे पेटीत राहिले आणि मी घरात.

नवरा वाईट नव्हे. सुट्टीला आला की आईचे पाय चेपायचा, तिला बाजेवरून उचलून बाहेर आणायचा, माझ्यासाठी सुप्याच्या बाजारातून काहीबाही घेऊन यायचा. मग सोमवार यायचा. त्याची गाडी ओढ्याच्या चढाला लागली की मी आवाज संपेपर्यंत ऐकत उभी राहायची, आणि मग आत जाऊन बादली भरायची.

आत्यांचं सगळं बाजेवर. अंग पुसणं, भरवणं, कूस बदलणं. ते मी एक वेळ तोंड न वाजवता केलं असतं. पण भरवून झालं, तोंड पुसलं, की त्या डावा हात कपाळाला लावायच्या आणि जड जिभेनं म्हणायच्या, "पांडुरंगानं लई ग्वाड खाऊ घातलं गं आज." मी वाटी हातात घेऊन उभी! पिठलं मी ढवळलेलं, भाकरी मी कुस्करलेली, आणि गोडी पांडुरंगाची. अंघोळ घातली की, "पांडुरंगानं अंग हलकं केलं." पाठ चोळली की, "पांडुरंगा, तुझं उपकार." एकदा वैतागून मी म्हणाले, "आत्या, उद्यापासून पांडुरंगालाच सांगा पाठ चोळायला." त्या हसल्या. त्यांना अर्ध्याच तोंडानं हसता यायचं. म्हणाल्या, "सांगते की." त्यांना राग म्हणून येतच नसे. समोरच्याला राग येत नसला की भांडणाऱ्याची मोठी अडचण होते.

त्यात सप्ताहातली कीर्तनं. बाहेरगावचे महाराज गाडीतून उतरायचे, समाधान म्हणजे काय ते कर्ण्यातून साऱ्या शिवाराला समजावून सांगायचे, आणि बुंदीचा प्रसाद घेऊन पुढच्या गावाला निघून जायचे. मी घरात बसून ऐकायची आणि मनात म्हणायची, महाराज, ज्याला निघून जाता येतं त्याला समाधानावर बोलणं सोपं असतं. आमच्या आत्यांपाशी आठवडाभर बसा, मग सांगा. माझी जीभ अशीच आहे. आत्यांची जड, माझी तिखट. घराचा तोल तेवढ्यावरच राहत असेल.

सप्ताहात नाम तुटू द्यायचं नसतं. सात दिवस, अष्टौप्रहर, विठ्ठलापुढं कुणीतरी गळ्यात वीणा घालून उभं असतं आणि 'राम कृष्ण हरी' चालू असतं. या उभं राहण्याला पहारा म्हणतात, आणि आमच्या गावात पहारे घराघरांत वाटलेले आहेत. दुपारचा, ऐन उन्हाचा पहारा आत्यांचा. तरुणपणी कधीतरी, दुसरं कुणी तयार होईना म्हणून त्यांनी तो घेतला, तो कायमचाच. त्या अंथरुणाला खिळल्यावर रंगनाथतात्या घरी आले. गावात सप्ताहाचं सगळं बघणारे हे म्हातारे. उंबऱ्यातूनच म्हणाले, "आक्काचा पहारा आता सुनंकडं." मला कुणी विचारलं नाही. पाटा-वरवंटा जसा सासूकडून सुनेकडं येतो, तसा पहारा आला.

वीणेचा एक नेम फार कडक. ती जमिनीला टेकवायची नाही. दमलात, भोवळ आली, घरून सांगावा आला, काहीही होवो, वीणा खाली ठेवायची नाही. ती फक्त दुसऱ्याच्या गळ्यात घालता येते. आणि घालताना दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं, घेणाऱ्यानं देणाऱ्याच्या आणि देणाऱ्यानं घेणाऱ्याच्या. तिथं वय बघत नाहीत, मान बघत नाहीत. पहिल्या वर्षी मी तात्यांकडून वीणा घेतली, तेव्हा ते पांढऱ्या मिशांचे म्हातारे माझ्या पायांशी वाकले आणि मी चटका बसल्यासारखी मागं सरले. तात्या वाकल्या वाकल्याच म्हणाले, "नीट उभी ऱ्हा पोरी, वीना हलती." मांडवातल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

खरं सांगायचं तर त्या पहाऱ्यात मला देव कधी भेटला नाही. भेटायचं ते वारं. तळपायाला लागणारा दगडी फरशीचा गारवा. कामाशिवाय घराबाहेर उभं राहायची वर्षातली तेवढीच मुभा. त्या वेळात मला कुणी हाक मारू शकत नसे, पाणी मागू शकत नसे, भांडं कुठं ठेवलंय ते विचारू शकत नसे. तोंडानं नाम चालायचं आणि मन सुप्याच्या खोलीत जाऊन खिडकीला पडदे लावत बसायचं.

पुढं एका वर्षी चैत्र तापूनच आला. उपटलेला कांदा वावरात ओळीनं पसरलेला, पातीखाली झाकून वाळत घातलेला. आमचाच असं नाही, बहुतेक साऱ्या गावाचा. दुपारी पत्र्याच्या खोलीत आत्यांचा जीव घाबरा व्हायचा, म्हणून मी त्यांची बाज अंगणात कडुलिंबाखाली ओढून ठेवायची. पहाऱ्याला जाताना शेजारच्या मंदाकाकूंना सांगून जायची. माझ्यानंतरचा पहारा मंदाकाकूंचाच. तोवर त्या आमच्या अंगणावर नजर ठेवायच्या, मग देवळात येऊन वीणा घ्यायच्या आणि मी घराकडं पळायची. आत्या एकट्या राहायच्या त्या घटकाभरच.

सप्ताहातल्या एका दुपारी अशीच निघाले. डाव्या हाताला पुरेल असा पाण्याचा तांब्या बाजेवर ठेवला. "येते आत्या." त्या म्हणाल्या, "जा. माज्या वाटचंबी नाव घे."

देवळात माझ्याबरोबर टाळ धरायला काही बायका होत्या, खांबांना टेकलेले दोन-तीन म्हातारे होते. पहारा निम्म्यावर आला असेल-नसेल, ऊन एकाएकी गेलं. आभाळ आधी पिवळं झालं, मग तपकिरी. वाऱ्याचा झोत मांडवात शिरला आणि पत्रे थडथडले. लाइट गेली, माईक बंद पडला. तेवढ्यात रस्त्यावरून कुणीतरी ओरडत गेलं, "कांदं झाका रे, कांदं!"

त्या एका हाकेनं देऊळ रिकामं झालं. टाळ पायरीवर ठेवले गेले. टाळ ठेवता येतात. म्हातारेसुद्धा काठी टेकत उठले. एक बाई जाता जाता म्हणाली, "आलेच मी वैशाली, तू उभी ऱ्हा." प्रत्येकीला वाटलं असणार, की आपल्यामागं कुणीतरी आहेच. देवळाच्या आणि सप्ताहाच्या बाबतीत असंच होतं. सगळ्यांचं असतं, म्हणून अडचणीला ते कुणाचंच राहत नाही.

मी उभी राहिले. माझाही कांदा उघडा होता, पण तो मला आठवलासुद्धा नाही. मला दिसत होती ती अंगणातली बाज. मंदाकाकूंचं वावर ओढ्याच्या पार पलीकडं, म्हणजे त्या तर सगळ्यांच्या आधी धावल्या असणार. म्हणजे अंगणात कुणी नाही. जिला स्वतःची कूस बदलता येत नाही ती बाई उघड्यावर पडलेली, आणि मी इथं गळ्यात वीणा अडकवून उभी. राम कृष्ण हरी म्हणत मी दाराकडं बघत होते. कुणीतरी या. राम कृष्ण हरी. अरे, या ना कुणीतरी. पहिली गार पत्र्यावर पडली. मग दुसरी. मग एकच कल्लोळ. लिंबाएवढ्या गारा पायरीवर पडून उसळत होत्या आणि घरंगळत माझ्या पायांपर्यंत येत होत्या.

वीणा खाली ठेवून पळता आलं असतं. बघायला कुणी नव्हतं. देव होता, पण त्याचं आणि माझं तेव्हा फारसं बोलणं नव्हतं. मग का नाही ठेवली, याचा मी नंतर भाकरी थापताना, खुरपताना पुष्कळदा विचार केला आहे. श्रद्धा म्हणावी तर ती माझ्यात कुठं होती? भीती म्हणावी तर ती सगळी त्या बाजेपाशी होती. मला वाटतं, दांड्यावर जिथं हात धरतात तिथलं लाकूड झिजून गुळगुळीत झालं होतं, ते त्याचं काम असावं. त्या झिजेत आत्यांचा हात होता, तात्यांचा होता, आता हयात नसलेल्या कितीतरी जणांचा होता. ज्यांनी कुणी ती धरली त्यांनी ती पुढं दिली. ती माझी एकटीची असती तर ठेवून मोकळी झाले असते. आणि असं मोकळं होता येत नाही म्हणून मला त्या घटकेला सगळ्यांचा असा संताप आला, गावाचा, नवऱ्याचा, आत्यांचा, की मी नाम घेत नव्हते, नामानं भांडत होते. विठ्ठलाकडं वळून ओरडले, "तुझं काय जातंय रे नुसतं उभं राहायला!"

मग मी पायरी उतरले. वीणेसकट.

नेम जमिनीचा आहे, देवळाच्या उंबऱ्याचा नाही, असा काही विचार मी केला होता असं म्हणाले तर ते खोटं होईल. पाय निघाले. पदर वीणेवर ओढला, भोपळा पोटाशी धरला आणि पाठीची कमान करून पळत सुटले. डोक्यावर, खांद्यांवर गारा बसत होत्या. चपला देवळापाशीच राहिल्या. ओढ्याच्या फरशीपुलावर पाय घसरला, गुडघा आपटला, हात मात्र वर राहिले. तोंडानं धापेसरशी राम कृष्ण हरी, राम कृष्ण हरी. ते थांबलं तर पायही थांबतील असं वाटत होतं.

अंगणात कडुलिंबाच्या पाल्याचा आणि गारांचा खच पडला होता. गोधडीच्या चुण्यांत गारा साचल्या होत्या. आत्यांनी डावा हात डोळ्यांवर आडवा धरला होता आणि त्याच्या मनगटातून रक्त येत होतं. त्या ओरडत नव्हत्या. ओठ तेवढे हलत होते. मी जवळ गेले तसा त्यांनी हात बाजूला केला, मला पाहिलं, माझ्या पदराखाली पाहिलं, आणि त्यांचे डोळे विस्फारले.

"वीना भाईर आनली?"

"धरा," मी म्हणाले.

बाज ओढायची तर मला दोन्ही हात हवे होते, आणि वीणा ठेवायला त्या सबंध अंगणात जागा नव्हती. गळ्यातला पट्टा काढून मी वीणा त्यांच्या अंगावर आडवी दिली, भोपळा कुशीत आणि दांडा खांद्याशी. डावा हात पुढं आला आणि दांडा जिथं धरायचा नेमका तिथंच धरला. बोट तारेला लागलं. आणि पाणी मागताना अडखळणारी ती जीभ अडखळत, पण न थांबता म्हणायला लागली, "राम... कृष्ण... हरी..."

मी बाज ओढत होते. तिचा एक पाय चिखलात रुतला होता, तो उपसला, पुन्हा ओढली, कशीबशी पडवीच्या पत्र्याखाली आणली. पत्र्यावर गारांचा असा दणका चालला होता की कानाशी बोललेलं ऐकू येईना. मी त्यांचं अंग पुसलं, मनगटाला हळद दाबली, ओलं लुगडं बदललं. वीणा अंगावरच. लुगडं काढताना ती जराशी उचलायला गेले तर त्यांनी मूठ आवळली. ओठ थांबले नाहीत.

गारा थांबल्यावर थोड्या वेळानं देवळाकडून गलका ऐकू आला. देऊळ रिकामं, वीणा जागेवर नाही, हे लोकांना कळलं होतं. कुणीतरी मला पळताना पाहिलं असावं, कारण माणसं सरळ आमच्याकडंच आली. पुढं तात्या, त्यांच्यामागं मंदाकाकू. सगळ्यांचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले, सगळ्यांचा कांदा भिजलेला. तोंडं बघूनच ते कळत होतं. मंदाकाकू रडत होत्या. "आक्का उघड्यावर हाय, ह्ये डोस्क्यातच आलं न्हाई गं माज्या. कांद्यामागं पळाले मी."

मागून एक जण म्हणाला, "सप्ता मोडला आपला."

"वीना देवळाभाईर आली म्हंजे मोडलाच की," दुसरा म्हणाला.

कांदा पुढच्या साली पुन्हा लावता येतो. मोडलेल्या सप्ताहाचा ठपका घराला पिढ्यान्‌पिढ्या चिकटून राहतो, आणि घराआधी सुनेला चिकटतो.

तात्या पडवीत आले, बाजेपाशी उकिडवे बसले आणि कान आत्यांच्या तोंडाजवळ नेला. बराच वेळ ऐकलं. मग मान वळवून म्हणाले, "कुठं मोडलाय? चालू हाय की हितं." आणि टोपी सारखी करून त्यांनी आत्यांच्या त्या संथ, जड चालीत आपला आवाज मिसळला. मग मंदाकाकूंनी. मग अंगणातल्या एकेकानं. टाळ कुणाकडंच नव्हते. लोक चिखलाच्या हातांनी टाळ्या वाजवत होते. वर्षाचं पीक गेलेली माणसं आमच्या अंगणात, विरघळणाऱ्या गारांत अनवाणी उभी राहून नाम घेत होती. त्यांना त्यातून काय मिळत होतं ते मला त्या वेळी समजलं नाही. पण कुणी घाईत नव्हतं, एवढं मी पाहिलं.

मंदाकाकू वीणा घ्यायला पुढं झाल्या, तर आत्यांनी दिली नाही. "थांब गं," म्हणाल्या. "लई दिसांनी कुनीतरी कायतरी हातात दिलंय माज्या."

मी उठून आत गेले आणि दुधाच्या कपाटाशी तोंड करून रडले. आजारी माणसाच्या हातून आपण सगळं काढून घेतो. सांडेल म्हणून वाटी, तुटेल म्हणून माळ, कापेल म्हणून विळी. त्याच्याकडं एकच काम उरतं, पडून राहायचं. मला वाटायचं, या घरात अडकलेली मी एकटीच आहे.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. आमचा कांदा त्या साली निम्मा सडला. नवरा अजून सुप्याला, मुलगी आता नगरला कॉलेजात, आणि मी इथंच. मध्ये पेटी उघडली तर पडद्यांना कसर लागलेली. त्यांची फडकी केली, पिवळ्या फुलांनी हल्ली ताटं पुसते. समाधान म्हणजे चिडणं संपणं असेल, तर ते मला काही लाभलेलं नाही. मी अजून चिडते, भांडी आपटते, सोमवारी गाडीचा आवाज संपेपर्यंत अजून उभी राहते. पण पूर्वी चिडून झाल्यावर नुसतं रितं वाटायचं, तसं आता होत नाही. गरम पाण्याचा तांब्या पाठीवर ओतला की आत्या एक सुस्कारा सोडतात, तो मला ऐकू येतो. तो पूर्वीही सोडत असतीलच. मी त्यांना लसूण सोलायला देते. एका हातानं मूठभर लसूण सोलायला दुपार जाते. जाऊ दे. त्या लसणाची चटणी केली की घरभर वास सुटतो आणि आपल्याला आज काही कमी नाही असं घटकाभर खरंच वाटतं.

पांडुरंगाचे उपकार अजून चालूच आहेत. पूर्वी वाटायचं, माझ्या वाटणीचं हा देव फुकट खातो. आता वाटतं, बरं आहे. त्या उठता-बसता माझे उपकार मानत राहिल्या असत्या, तर देणारी म्हणून मी फुगले असते आणि घेणारी म्हणून त्या खचल्या असत्या. मधे तो उभा आहे म्हणून आम्हा दोघींना एकमेकींकडं नीट बघता येतं. यालाच कुणी श्रद्धा म्हणत असतील, तर थोडीशी माझ्याकडं आली असेल. विचारू नका कुठून. बहुतेक हाताला लागून आली असावी.

त्या संध्याकाळचं मात्र सांगायला हवं. आत्यांनी आपला पहारा मनासारखा केला आणि मग वीणा मंदाकाकूंच्या गळ्यात दिली. मंदाकाकूंनी बाजेवर डोकं टेकलं. आत्यांनी त्यांच्या पायांच्या दिशेनं हात नेला, तो अर्ध्यावरच राहिला. तात्या म्हणाले, "पोचलं आक्का." वीणा पुढं आणि माणसं मागं, असं सगळं गाव नाम घेत ओढा ओलांडून देवळाकडं गेलं. अंगणात पाणी वाहत होतं. कांदा किती राहिला ते बघायला मी कमरेला पदर खोचून निघाले, तर आत्यांनी हाक मारली.

"वैशाली, पाय वर घे."

मला वाटलं, गुडघ्याचं रक्त बघायचंय. "फार नाही लागलं आत्या."

"वीना तुज्याकडनं घेतली. पाया पडायची ऱ्हायली माजी."

"काहीतरीच काय! त्या गारांत कुठलं पाया पडणं?"

"नेम हाय त्यो."

"अहो, सासूनं सुनेच्या..."

"हितं सासू न्हाई नि सून न्हाई. तू देनारी, मी घेनारी. वर घे पाय."

मी नाही म्हणत राहिले. त्या डाव्या हातानं बाज थोपटत राहिल्या. शेवटी मी भिंतीला धरून एक पाय बाजेच्या कडेवर ठेवला. चिखलानं बरबटलेला, खड्यांनी फुटलेला. आत्यांना वाकता येत नव्हतं. त्यांनी घोट्यामागं हात घालून पाय आपल्याकडं ओढला, मान वळेल तितकी वळवली आणि कपाळ माझ्या पावलावर टेकलं. कपाळ ऊन होतं. कितीतरी वेळ त्यांनी ते उचललं नाही. मग मी खाली बसले आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं, जिवंत पायावर आणि मेलेल्या पायावर.

"जा आता, कांदं बघ," त्या म्हणाल्या.

मी गेले नाही. बाजेच्या कडेला बसले. त्यांच्या कपाळाला माझ्या पायाचा चिखल लागला होता, तो पुसायला पदर पुढं केला, तर त्यांनी माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे," म्हणाल्या.